पाव डॉलर

सव्वीस जिंकलो, पाच हरलो,
आणि यादीत आमचा नंबर एकशे अठरा.

"मग सतरा जिंकून तेरा हरलेल्या त्या मुली
चौतिसाव्या कशा?" ऑर्विल विचारतो.
एकतीस वर्षं मी कॉलेजच्या टीमची स्कोअरची वही लिहितेय,
तेवढीच वर्षं तो हे विचारतोय,
दर मार्चमध्ये, बटाटे सोलता सोलता.

कपडे धुवायच्या मशीनसाठी ठेवलेल्या बरणीतून
मी पाव डॉलरची चार नाणी काढते.
जुना हिशोब टेबलावर मांडते.
हे एक आपलं. आपण किती जिंकलो, त्याचं.
ही दोन, आपण ज्यांच्याशी खेळलो
त्या किती जिंकल्या, त्याची.
आणि हे चौथं
त्या ज्यांच्याशी खेळल्या, त्यांचं.
त्यांना आपण कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

"म्हणजे पाऊण डॉलर परक्यांच्या खिशात,"
ऑर्विल म्हणतो. बटाटा अर्धाच सोललेला.

जानेवारीत, बीटच्या कारखान्यापलीकडचं ते कॉलेज आलं होतं.
सातच मुली, एकीच्या गुडघ्याला पट्टा.
त्रेपन्न गुणांनी हरवलं त्यांना.
बँड वाजला, पोरांनी पॉपकॉर्न उधळलं,
मी आकडे भरत गेले, भरत गेले,
शेवटी पेन्सिलीचं टोक बोथट झालं.
वासरांत लंगडी गाय शहाणी.
पण यादीला लंगडणं बरोबर दिसतं:
त्या रात्री जिंकून आम्ही चार पायऱ्या खाली आलो.

आणि त्याआधी, नोव्हेंबरात,
नऊ तास बसनं दक्षिणेला गेलो होतो.
एका बाजूचा हीटर बंद,
डावीकडच्या खिडक्यांवर आतून बर्फ.
तिथल्या स्टेडियममध्ये आमचं अख्खं गाव
चार वेळा बसलं असतं, तरी खुर्च्या उरल्या असत्या.
एक्केचाळीस गुणांनी हरलो.
निघताना पाकिटातून चेक मिळाला,
ठरल्याप्रमाणे, सही-शिक्क्यासकट.
आमच्या जिमचं छप्पर आता गळत नाही, ते त्यातून.

परतीच्या वाटेवर कोच हॉगस्टॅड एकदाच बोलल्या:
"पैसे कॉलेजचे. मार आपला. जपून ठेवा."
टशीना, मिल्वॉकीची, पहिल्याच वर्षाची,
कपाळ काचेला लावून बसली होती.
फार्गो आल्यावर बघितलं,
काचेवर तेवढाच गोल बर्फ वितळला होता.

त्या हरण्यानं आम्ही सहा पायऱ्या वर चढलो.

तेव्हापासून टशीना
ज्यांनी आम्हाला तुडवलं त्यांच्या मॅचेस ऐकते,
बसमध्ये, एका कानात तार घालून.
त्यांची उंच सेंटर, जिनं हिचे चार शॉट अडवले,
तिनं फ्री थ्रो चुकवला की
ही "अगं बाई, नीट टाक ना" असं पुटपुटते.
मागच्या सीटवरच्या हसतात.
मी हसत नाही.
माझ्या वहीत त्या सेंटरचं नाव मीच लिहिलंय,
चार अडवलेल्या शॉट्सच्या रकान्यात.

"पण ती सात मुलींची टीम," ऑर्विल विचारतो,
"त्यांच्या टेबलावर आपण कुठे?"

दोन नाण्यांत, मी म्हणते.
आणि म्हणता म्हणता सुचतं:
आज रात्री आमची शेवटची मॅच चालू असताना
कारखान्याच्या धुराखाली, एखाद्या होस्टेलच्या खोलीत
गुडघ्याला बर्फाची पिशवी लावून
कुणीतरी रेडिओ लावेल,
त्रेपन्न गुण विसरून नव्हे, आठवूनच,
आणि आम्ही जिंकावं म्हणून ओठ आवळून बसेल.

ऑर्विल काही बोलत नाही.
नाणी परत बरणीत टाकताना
एक निसटतं, घरंगळत फ्रीजखाली जातं.
त्यातलं कुठलं, आपलं की चौथं,
ते दोघांनाही कळलं नाही.
बटाटे उकळायला लागले होते.